नागपूरच्या मुलीचं फुटबॉल करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात मुलींना फुटबॉल शिकवते. खालचे प्रश्न प्रॅक्टिस सुटल्यावर गेटपाशी स्कूटी लावून उभे असलेले आईबाबा विचारतात आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता मुली विचारतात. प्रश्न पालकांचा असेल तिथं ‘तुम्ही’ म्हटलंय, मुलीचा असेल तिथं ‘तू’.

मॅडम, खरं सांगा, मुलीला फुटबॉलमध्ये करिअर आहे का?

आहे. पण वाट अरुंद आहे आणि ती नागपूरच्या बाहेर जाते.

मुलींची देशातली सर्वांत वरची स्पर्धा म्हणजे इंडियन विमेन्स लीग. २०१६-१७ च्या हंगामात ती सुरू झाली. आधीची काही वर्षं सगळे संघ एका ठिकाणी जमायचे आणि काही आठवड्यांत लीग उरकायची. २०२३-२४ पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर सामने होऊ लागले. २०२४-२५ मध्ये आठ संघ होते, प्रत्येकाला १४ सामने मिळाले आणि ईस्ट बंगालनं लीग जिंकली. एका संघात पंचवीसेक खेळाडू धरा, म्हणजे अख्ख्या देशात वरच्या लीगमध्ये दोनशेच्या आसपास जागा. त्यातल्या काही परदेशी खेळाडूंच्या. खाली दुसऱ्या श्रेणीची लीग आहे, तिच्याखाली राज्याराज्यांच्या लीग.

त्या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. याआधी एफसी कोल्हापूर सिटी, मुंबईचे केंक्रे आणि पिफा असे संघ लीगमध्ये खेळून गेले. नागपूरच्या मुलीला वरच्या लीगमध्ये खेळायचं तर घर सोडावंच लागतं. ती कधी निघणार आणि कशाच्या जोरावर, हे घरात आधी बोलून घ्या. बाकीचे बरेच प्रश्न त्यातच येतात.

‘प्रोफेशनल’ म्हणजे नक्की कोण? माझी मुलगी बक्षिसाचे पैसे घेते, ती झाली का प्रोफेशनल?

नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन गोष्टी लागतात: क्लबशी लेखी करार, आणि खेळण्यासाठी येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त मोबदला. बाकी सगळे हौशी. स्पर्धेला गेल्यावर गाडीभाडं, जेवण आणि जिंकल्यावर पाकीट मिळालं तर ते छानच, पण त्याला पगार म्हणत नाहीत.

पगार किती असतो?

२०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं ठरवलं की विमेन्स लीगच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार करायचा. महिन्याला भागलं तर २६-२७ हजार. हे ‘किमान’ आहे आणि दहा जणींसाठी आहे. अकराव्या मुलीला काय मिळेल ते क्लबच्या मनावर. राष्ट्रीय संघातल्या मुलींना याच्या कितीतरी वर मिळतं. खालच्या श्रेणीत मात्र पुष्कळदा राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च एवढ्यावरच भागवावं लागतं.

पुरुषांच्या लीगचे आकडे पेपरात वाचून कोणी हिशोब मांडत असेल तर तो कागद फाडून टाका. तिकडचा पैसा अजून इकडे आलेला नाही.

नागपुरात कुठं खेळायचं? इथं तर सगळे क्रिकेटवालेच.

असं वाटतं खरं, पण या शहराला फुटबॉल नवीन नाही. कामठीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. रब्बानी क्लबचं नाव काढलं की जुन्या लोकांच्या गप्पा तासभर तरी आवरत नाहीत. मोतीबागचं रेल्वेचं मैदान, यशवंत स्टेडियम, मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल आणि मिशनरी शाळांची मैदानं आहेतच. बोखाऱ्याची स्लम सॉकर ही संस्था विजय बारसे सरांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केली. २०१६ चा फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड तिला मिळाला. तिथं मुलीही खेळतात.

अडचण मैदानाची कमी, सामन्यांची जास्त. इथल्या मुलीला वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके चुरशीचे सामने मिळतात. इतर वेळी ती आपल्याच बॅचमधल्या मुलींशी खेळते आणि त्यांच्या सगळ्या खोड्या तिला पाठ झालेल्या असतात. मग राज्य स्पर्धेत मुंबई किंवा कोल्हापूरचा संघ समोर आला की पहिली वीस मिनिटं आमच्या पोरी नुसत्या बघत राहतात. खेळ येत नसतो असं नाही. तो वेग त्यांनी आधी पाहिलेलाच नसतो. म्हणून क्लब निवडताना फी आणि जर्सीचा रंग नंतर बघा. वर्षाला किती सामने खेळवता, बाहेरगावी किती वेळा नेता, हे आधी विचारा.

मुलांसोबत खेळू दिलं तर चालेल का?

चालेल काय, धावेल. तेरा-चौदा वर्षांपर्यंत जरूर खेळू द्या. आज देशासाठी खेळणाऱ्या कितीतरी मुली गल्लीतल्या पोरांशी भांडूनच शिकल्या आहेत.

ती चौदा वर्षांची आहे. उशीर झाला का?

आधी दुसरा एखादा खेळ, धावणं, कबड्डी किंवा खो-खो खेळलेली असेल तर नाही. काहीच खेळलेली नसेल तर वरच्या लीगचं स्वप्न बाजूला ठेवून आधी दोन वर्षं खेळू द्या. गोलकीपर थोड्या उशिरा आल्या तरी जमतं.

शाळेपासून क्लबपर्यंतचा रस्ता कसा असतो?

दोन रस्ते समांतर चालतात. आपले पालक बहुतेक वेळा एकच धरून बसतात.

पहिला शाळेचा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत शालेय स्पर्धा होतात: जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. सुब्रतो कप ही शाळांची फुटबॉल स्पर्धा याच मार्गावर आहे. तो १९६० पासून चालतो आणि २०१२ पासून त्यात सतरा वर्षांखालील मुलींचाही गट आहे. आपल्याकडे हे सामने ऐन पावसाळ्यात येतात. काळ्या मातीच्या मैदानावर चेंडू दोन हात जाऊन रुतून बसतो, मुली गुडघ्यापर्यंत चिखलात असतात आणि बाजूला पंच घड्याळाकडे बघत उभे असतात, कारण त्याच मैदानावर अजून चार सामने उरकायचे असतात. नजाकतीनं खेळणारी मुलगी अशा दिवशी दिसतच नाही, लांब किक मारणारी दिसते. एका दिवसाच्या निकालावरून मुलीची परीक्षा करू नका म्हणते ती यासाठी.

दुसरा रस्ता संघटनेचा. नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशन, तिच्यावर राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्यावर महासंघ. जिल्ह्याच्या संघातून राज्याच्या निवड चाचणीत जाता येतं, आणि राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेत. थोरल्या महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं नाव आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी आहे. ही स्पर्धा सर्वाधिक वेळा मणिपूरनं जिंकली आहे. दुसरं कुणी जवळपासही नाही. क्लबचे लोक खेळाडू हेरायला येतात ते या राष्ट्रीय स्पर्धांना. जिल्ह्याच्या मॅचला सहसा कोणी येत नाही, हे माहीत असलेलं बरं.

यांच्या जोडीला केंद्र सरकारच्या खेलो इंडियाखाली मुलींसाठी ‘अस्मिता’ लीग होतात. लहान गटातल्या मुलींना जास्तीचे सामने मिळतात, संधी आली की सोडू नका.

निवडीला वशिला लागतो का?

कधीकधी लागतो, आणि मी नाही म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. पण दर वर्षी जितक्या घरी ‘वशिल्यानं गेलं’ असं म्हणतात तितक्या वेळा नसतो. एका सकाळी ऐंशी मुली, दोन निवडकर्ते, प्रत्येकीला मिळतात पंधरा-वीस मिनिटं. त्यात चेंडू पायाशी नसताना मुलगी काय करते हेही पाहिलं जातं: जागा धरते का, मागे धावते का, बोलते का. मैदानावर गप्प राहणारी मुलगी कितीही गुणी असली तरी मागे पडते. घरात मोठ्यांदा बोललेलं चालत नाही अशी शिस्त लागलेल्या मुलींना मैदानावर ‘सोड!’, ‘मागे!’ असं ओरडायला शिकवण्यात माझा बराच वेळ जातो.

घर कधी सोडायचं?

माझं मत स्पष्ट आहे, पटत नसेल तर सोडून द्या. दहावीआधी, अगदी सरकारी अकादमी किंवा नामांकित निवासी केंद्राची रीतसर निवड असल्याशिवाय, घर सोडू नये. अकरावी-बारावी हा पहिला योग्य टप्पा. त्याआधी मुलीला एकटीनं करता यायला हव्यात अशा काही गोष्टी असतात: आपले कपडे धुणं, पैशाचा हिशोब ठेवणं, दुखत असेल तर दुखतंय म्हणणं, आणि नको असेल तिथं नाही म्हणणं. शेवटच्या दोन सर्वांत अवघड.

पहिली पायरी पुणे-मुंबईची ठेवा. विदर्भ एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई. एका रात्रीच्या अंतरावर मुलगी असली की आईला झोप लागते आणि मुलीलाही. तिथं कॉलेज, क्लबची लीग आणि विद्यापीठाचा संघ असं तिहेरी खेळता येतं. तिथं दोन हंगाम टिकली की मग भुवनेश्वर असो की कोलकाता, फारसं जड जात नाही.

आठवड्यातून तीनदा रडत फोन येणार, हे धरून चला. पहिले दोन महिने लगेच गाडी पकडून आणायला जाऊ नका. पण फोनच येणं बंद झालं किंवा ती अचानक ‘सगळं मस्त’ एवढंच बोलू लागली, तर मात्र त्याच दिवशी निघा.

दहावीच्या वर्षी खेळ बंद करायचा का?

कमी करा, बंद करू नका. वर्षभर बसलेली मुलगी परत येते तेव्हा वजन, वेग आणि आत्मविश्वास तिन्हीत मागे असते. त्यातल्या निम्म्या परतच येत नाहीत. आठवड्याला तीन दिवस, दीड तास. तेवढा वेळ ट्युशनवाल्या सरांनाही मान्य होतो, मी स्वतः बोलून पाहिलंय.

दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५. प्रमाणपत्र आणि प्रस्ताव वेळेत गेला नाही तर ते बुडतात. शाळा करेल म्हणून निवांत राहू नका, स्वतः मागे लागा.

आणि पुढं डिग्री?

लागेलच. लीगचा हंगाम काही महिन्यांचा असतो, वर्ष बारा महिन्यांचं. गुडघा कधी जाईल सांगता येत नाही. डिग्रीमुळे खेळात मोकळेपणा येतो, कारण एका वाईट हंगामावर सगळं आयुष्य टांगलेलं नसतं. शिवाय विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात, आणि नोकरीच्या वेळी तीच प्रमाणपत्रं बाहेर काढावी लागतात.

सरकारी नोकरी लागते का?

लागू शकते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या पदाला कुठल्या पातळीची स्पर्धा चालते हे शासन निर्णयात दिलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. पडताळणी आधी करून ठेवा. जाहिरात आल्यावर सगळे एकदम धावतात.

रेल्वे आणि सशस्त्र सीमा बल यांचे महिला संघ आहेत. मला विचाराल तर क्लबच्या दोन वर्षांच्या करारापेक्षा रेल्वेची कायम नोकरी कितीतरी मुलींना खेळात जास्त काळ टिकवते. दर महिन्याला पगार येतो, सरावाला वेळ मिळतो, घरचे गप्प बसतात. ‘नोकरी घेतली म्हणजे स्वप्न सोडलं’ असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा दुसरा कमावता माणूस असतो.

कागदपत्रं कोणती लागतात?

महापालिकेचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, पासपोर्ट आकाराचे फोटो, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी. एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे, दुसऱ्या ठिकाणी नाहीच, असं असेल तर आजच झोन ऑफिस गाठा. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत मुलीचा एकदाच आयडी तयार होतो आणि पुढं क्लब, जिल्हा, राज्य काहीही बदललं तरी तोच चालतो. लहान गटात खेळवण्यासाठी वय कमी दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. पकडलं की बंदी मुलीवर येते, सल्ला देणाऱ्यावर नाही.

पासपोर्ट सोळाव्या वर्षीच काढून ठेवा. राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं आणि पासपोर्ट नाही, असं होऊ नये.

क्लबनं करार पाठवलाय. सही करू का?

थांबा. आधी वाचा, आणि वाचून कळत नसेल तर ओळखीच्या वकिलाला चहाला बोलवा.

अठराच्या आतल्या खेळाडूचा करार फिफाच्या नियमानं जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, मोठ्यांचा पाच. मुलगी अल्पवयीन असेल तर सही तुमचीही लागते, म्हणजे जबाबदारीही तुमची. बघायचं काय? पगार किती हे सगळेच बघतात. किती तारखेला आणि किती महिने मिळणार ते बघा. हंगाम चार महिन्यांचा असेल तर करार बाराचा आहे की चाराचाच? राहण्याच्या खोलीत किती मुली? घरी जाण्या-येण्याचं भाडं कोण देणार? मधेच काढलं तर काय? आणि सर्वांत मोठं: दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च, नंतरची फिजिओथेरपी आणि त्या काळातला पगार, या तिन्हींबद्दल वेगवेगळं काय लिहिलंय?

एक करार माझ्यासमोर आला होता, दोन पानांचा. क्लबच्या लोगोची जर्सी कुठं घालायची आणि कुठं नाही यावर चांगल्या सहा ओळी होत्या. दुखापतीवर एकच: ‘व्यवस्थापन योग्य तो निर्णय घेईल.’ वडिलांनी ती ओळ बोटानं दाबून धरली आणि म्हणाले, ‘म्हणजे काहीच नाही देणार ना बाप्पा?’ अगदी तेच. त्यांनी ओळ बदलून मागितली आणि क्लबनं निमूट बदलून दिली. मागितल्यावर मिळतं असं पुष्कळदा होतं. आपण मागतच नाही.

सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. ‘नंतर पाठवतो’ चालणार नाही.

एक एजंट म्हणतो, दोन लाख भरा, स्पेनमध्ये ट्रायल लावतो.

नका भरू. फिफाच्या नियमानं, काही मोजके अपवाद सोडले तर, अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये बदली होत नाही. म्हणजे तुमच्या सोळा वर्षांच्या मुलीला तिकडचा क्लब घेऊच शकत नाही, मग ट्रायल कशाची? खेळाडूंचं काम बघणाऱ्या एजंटला फिफाचा परवाना लागतो. परवाना विचारा, फोन आपोआप बंद होतो.

परदेशी गेलेल्या मुलींचा प्रवास बघा. बाला देवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली तेव्हा ती तिशीला टेकली होती आणि भारताकडून वर्षानुवर्षं गोल करून झाले होते. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्याची मनीषा कल्याण आधी सेतू आणि गोकुलम केरळकडून आपल्या लीगमध्ये खेळली, मग २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपातल्या महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. असं करणारी ती पहिली भारतीय. दोघींच्याही बाबतीत खेळ पुढे गेला आणि त्यामागून बोलावणं आलं.

ताई, मी डिफेंडर आहे. भारताकडून खेळायला अजून किती वर्षं?

हे मला सांगता आलं असतं तर मी इथं सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत बसले नसते. पण वेळ बरी आहे. ५ जुलै २०२५ ला आपल्या थोरल्या संघानं थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्यामुळे पात्रता फेरी जिंकून भारत पहिल्यांदा आशियाई चषकाला पात्र ठरला. त्याच वर्षी वीस वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील संघही आपापल्या आशियाई स्पर्धांना पात्र ठरले. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्या देशात झाला तेव्हा यजमान म्हणून थेट प्रवेश होता, आणि अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ असे तिन्ही सामने गेले. तिथपासून इथपर्यंत तीन वर्षं. तू डावा पाय सुधार. दोन्ही पायांनी पास देणारी डिफेंडर सगळ्यांनाच हवी असते.

गुडघ्याची भीती वाटते. शेजारच्या पोरीचं लिगामेंट गेलं.

भीती रास्त आहे. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं ते लिगामेंट, तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या कितीतरी पट जास्त आहे. अचानक थांबताना, वळताना, उडी मारून एका पायावर उतरताना ते जातं. धक्का लागायलाच हवा असं नाही. ऑपरेशननंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष. घाई केली की दुसऱ्यांदा तुटतं.

उपाय फुकट आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. ‘फिफा ११+’ नावाचा वॉर्म-अप आहे: पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, सामान काही लागत नाही. नियमित केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात हे तपासून सिद्ध झालंय. आमच्याकडे मुली त्याला कंटाळतात, मधेच एखादी प्लँक करता करता पोटावर आडवी होते आणि हसत सुटते. मी पुन्हा पहिल्यापासून मोजते. तुमच्या क्लबमध्ये दोन चकरा मारून थेट मॅच सुरू होत असेल तर प्रशिक्षकांना विचारा, काहून म्हणून.

पाळीच्या दिवसांत खेळू का?

बरं वाटत असेल तर खेळ, नसेल तर सांग आणि बस. लाजायचं काही कारण नाही. पांढऱ्या शॉर्टची भीती मोठमोठ्या खेळाडूंनाही वाटत आलीय. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या मुलींनी पांढरी सोडून निळी शॉर्ट घातली ती याचसाठी. आमच्या मुलींच्या शॉर्ट काळ्या आहेत. तीन महिने पाळी आलीच नाही तर ‘बरंच झालं’ म्हणू नकोस, डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं.

आणि पालकांना एक विनंती: ज्या मैदानावर मुलींसाठी धड बाथरूम नाही तिथल्या लोकांशी भांडा. तेरा-चौदाव्या वर्षी मुली खेळ सोडतात त्याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

माझी मुलगी हिजाब घालते. सामन्यात चालेल का?

चालेल. २०१४ पासून फुटबॉलच्या नियमांत डोकं झाकायला परवानगी आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहायला बेनझिना हिजाब घालूनच खेळली. खेळाचा, अंगाबरोबर बसणारा, पिन नसलेला घ्या. स्थानिक स्पर्धेत एखाद्या पंचाला माहीत नसेल, म्हणून व्यवस्थापकांना आधीच सांगून ठेवा.

खायला काय द्यायचं? प्रोटीन पावडर आणू का?

आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला पावडर देऊन उपयोग नाही. दुसऱ्या हाफमध्ये ती ‘आळशीपणा करते’ म्हणून बोलणी खाते आणि खरं तर तिच्या अंगात रक्तच नसतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, वर लिंबू. सकाळी सातला तर्री पोहे खाऊन कोणी प्रॅक्टिसला येऊ नये. नंतर खा, मीही खाते.

उन्हात काळी पडेल ना?

पडेल. हिवाळ्यात उतरेल. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करून साडेसातला घरी सोडतो, ते चक्कर येऊ नये म्हणून, रंगासाठी नाही.

बाहेरगावी मुली सुरक्षित असतात का?

हा प्रश्न विचारायला संकोचू नका आणि क्लबला विचारताना तर मुळीच नाही. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील राष्ट्रीय संघाच्या परदेश दौऱ्यावरून एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपामुळे काढण्यात आलं. राष्ट्रीय संघात घडू शकतं तर कुठंही घडू शकतं. संघासोबत महिला व्यवस्थापक आहे का, मुलींच्या खोल्यांत कोणाला जायची मुभा आहे, फोन रात्री काढून घेतात का, हे तिघांना वेगवेगळं विचारा आणि उत्तरं जुळतात का बघा. प्रशिक्षक मुलीला एकटीला रात्री मेसेज करत असेल तर ‘खेळाबद्दलच आहे’ हे कारण ऐकून घेऊ नका. अठराखालच्या मुलीच्या बाबतीत पॉक्सो कायदा लागू होतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिला पाठ असू द्या.

लग्नाचं कसं करायचं?

तिला विचारून.

नियमांचं म्हणाल तर २०२१ पासून फिफानं व्यावसायिक खेळाडूंना किमान १४ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आणि त्या काळात किमान दोन-तृतीयांश पगार बंधनकारक केलाय. रजेतले किमान आठ आठवडे बाळाच्या जन्मानंतरचे. गरोदर राहिली म्हणून करार मोडता येत नाही. स्थळ आणणाऱ्या मावशींना हे सांगून फार फरक पडत नाही, पण मुलीला माहीत असावं.

खेळून झाल्यावर काय?

खेळता खेळताच सुरू करावं. महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स ही सुरुवात; पुढं सी, बी, ए, प्रो. पंच होता येतं, फिजिओथेरपी आहे, बी.पी.एड. करून शाळेत लागता येतं. विदर्भात मुलींना शिकवणाऱ्या महिला प्रशिक्षक अजून इतक्या कमी आहेत की लायसन्स असलेली मुलगी रिकामी बसलेली मी तरी पाहिली नाही. पगारावर घासाघीस करावी लागते, ते वेगळं.

पहिल्यांदा ट्रायलला येताना काय आणायचं?

स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट, असतील तर ते, नसतील तर साधे कॅनव्हासचे बूट चालतील. नवे कोरे स्टड घालून ट्रायलला येऊ नका, टाचेला फोड येतो आणि सगळं लक्ष तिकडे जातं. नडगी वाचवणारे शिनगार्ड, गुडघ्यापर्यंतचे मोजे, दोन लिटर पाणी, एक केळं. केस घट्ट बांधलेले, कानातलं काढून घरी ठेवलेलं. जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि दोन फोटो. पालकांनी कुंपणाच्या बाहेर थांबायचं आणि आतून कितीही चुकलं तरी सूचना द्यायच्या नाहीत. मागच्या वेळी एक काका लाइनवर इतके पळाले की मुलींनी त्यांनाच बिब, म्हणजे संघ ओळखायला जर्सीवर घालायचं रंगीत जाकीट, द्यायची तयारी केली होती.